शेवटचं ताट

आठवीतून शाळा सुटल्यावर मी गावाकडं, चारठाण्याच्या बाजूला, लग्नांत पंगती वाढायचो. तेवढ्याच शिक्षणावर आज राष्ट्रप्रमुखांच्या घरात वाढप्यांचा मुकादम आहे. कुणाची पुण्याई, ठाऊक नाही. रोज सकाळी त्या घराला हात जोडतो, आणि रोज वाटतं की आज आपल्याला गावाकडं धाडणार.

माझं मुख्य काम हात वर करणं. मोठ्या साहेबांनी, म्हणजे राष्ट्रप्रमुखांनी, चमचा खाली ठेवला की खांबापाशी उभं राहून मी हात वर करायचा. मग वाढपी एकदम सगळ्यांची ताटं उचलणार. कोण किती जेवलं ते बघायचं नाही. साहेबांचं जेवण दोन घासांचं. टेबलाच्या टोकापर्यंत वाढून होईस्तोवर त्यांचं आटोपलेलं असायचं.

त्या दुपारी खेड्यापाड्यांतले शिक्षक जेवायला बोलावले होते. शेवटच्या खुर्चीवर धोतर नेसलेले म्हातारे गुरुजी, आमच्याच जिल्ह्यातले, वालूरचे. त्यांनी वरणभात कालवून पहिला घास उचलला, आणि तिकडं साहेबांनी चमचा ठेवला.

माझा हात वर जाईना. आमच्याकडं शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. जेवत्या माणसापुढचं ताट तर दुश्मनसुद्धा ओढत नाही. ताटं हलेनात म्हटल्यावर साहेबांना वाटलं, पाहुणे अजून जेवताहेत. त्यांनी शिष्टाचार म्हणून चमचा परत उचलला. साहेबांनी उचलला म्हणून सगळ्यांनी उचलला. साहेब जेवताहेत तर आपण कसं थांबायचं, म्हणून गुरुजींनी आणखी भात मागितला.

मग कुणालाच थांबता येईना. साहेबांच्या हातात चमचा दिसला की वाढायचं, हाही नियमच, त्यामुळं वाढपी वाढत गेले. एक मंत्री रिकामी वाटी खरवडत होते. साहेबांनी कधी न शिवलेलं लोणचं संपवलं, मग लिंबाची फोडही चोखली. आमचे अधिकारी मागून कानात पुटपुटले की हात वर कर, नाहीतर उद्या गावची गाडी पकड. पण मी गुरुजींकडंच चालत गेलो आणि वाकून म्हणालो, "गुरुजी, तुमचं झाल्याबिगर कुणालाच उठता येईना."

"आरं, मग आधी सांगायचं ना बाबा," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं साहेबांची भूक लय दांडगी हाय. त्यांच्यापायी तिसऱ्यांदा भात खायलोय मी."

त्यांनी ताटावर हात आडवा धरला. मी हात वर केला. साहेबांच्या हातून चमचा जवळजवळ पडलाच.

खोलीवर येऊन मी पिशवी भरली. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. अधिकारी तोंड वाकडं करून म्हणाले की साहेब काल पहिल्यांदाच पोटभर जेवले, त्यांचे डॉक्टर खूश आहेत, हीच पद्धत चालू ठेवा.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "जेवू घालायलाच ठेवलंय ना तुला? मग भ्यायलास कशाला?"

पिशवी अजून पलंगाखाली भरलेलीच आहे. पण हल्ली चमचा ठेवण्याआधी मोठे साहेब खांबाकडं बघतात, आणि मी शेवटच्या ताटाकडं.