नंदाचा पाय आणि नदीत सोडलेल्या गोळ्या

धाकटी बहीण नंदा चंदीगडला लागून असलेल्या मोहालीला लेकीकडे राहते. तिच्या पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा देवाला दिवा लावून निघालेच. मिरजेहून दिल्ली, तिथून दुसरी गाडी. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी शेवटपर्यंत पुरली, विकत घेतला तो फक्त चहा. डिसेंबरात जाणार असाल तर स्वेटर हातपिशवीतच ठेवा.

चंदीगडचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे. दुसऱ्या दिवशी सुखना तलावावर गेलो. नंदा लंगडत एका बाकापर्यंत आली आणि बसली. पाणी बघून म्हणाली, "ताई, आपण नदीचं पाणी ओंजळीने प्यायचो गं!"

खरंच. तेव्हा निर्माल्यसुद्धा पळसाच्या द्रोणातून सोडायचो. दसऱ्याला ती गावी आली, तेव्हा त्याच आठवणीने नदीत उतरली आणि घाटाच्या पायरीवर काच लागली. तीन औषधं झाली, एकही लागू पडेना.

तिसऱ्या दिवशी नंदाच्या लेकीने, पल्लवीने, आम्हा दोघींना युनिव्हर्सिटीतली आपली प्रयोगशाळा दाखवली. ती पाण्यातल्या जंतूंवर काम करते. चिमट्यात प्लास्टिकचा बुळबुळीत तुकडा धरून म्हणाली, "मावशी, हा थर म्हणजे जंतूंची वस्ती. प्लास्टिक कुजत नाही, वस्ती उठत नाही. त्यात पाण्यात थोडं थोडं औषध मिसळलं ना, की काही जंतू मरत नाहीत, उलट निर्ढावतात. आणि औषध पचवायची ती विद्या शेजाऱ्यालाही देतात, अगदी नक्की!"

मला माझंच करणं आठवलं. सासूबाई गेल्यावर त्यांच्या उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकणं जिवावर आलं होतं. औषध म्हणजे अन्नासारखंच पवित्र. म्हणून निर्माल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नदीत सोडल्या. नमस्कार करून. पुढेही दरवर्षी घरात उरलेल्या औषधांचं तेच. सगळं सांगून टाकलं.

नंदा हसली. "म्हणजे ताई, जंतूंची शिकवणी तू लावलीस!"

"माझ्यामुळेच का गं हे?" मी पल्लवीला विचारलं.

"एकट्या तुझ्यामुळे नाही, मावशी. कुठून आलं ते कुणीच सांगू शकणार नाही."

संध्याकाळी नंदाच्या जखमेचा रिपोर्ट आला. एकच औषध चालणार होतं, तेही सुईतून. ते सुरू झालेलं बघून मी परतले.

घरी आल्यावर लोक रॉक गार्डनबद्दल विचारतात. बघितलं, सुंदर आहे. पण माझ्याबरोबर आली ती बाकावर बसलेली नंदा. आता निर्माल्य परसातल्या खड्ड्यात जातं. उरलेल्या गोळ्या परत घ्यायला मात्र गावातला औषधांचा दुकानदार तयार नाही. रोज विचारते.

काल नंदाचा फोन आला. "ताई, जखमेने खपली धरली. आज तलावाला अर्धा फेरा मारला."

"आणि उरलेला अर्धा?"

"तू ये, मग मारू."