जपानी कोपरा

परदेशातील रूढींविषयी इतका निर्मळ, इतका निष्काम आणि इतका सरसकट आदर बाळगणारा दुसरा मनुष्य मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. पृथ्वीच्या पाठीवरील यच्चयावत देशांच्या चालीरीती त्यांना वंदनीय वाटत. अपवाद फक्त एका देशाचा, आणि योगायोग असा, की त्यांचा जन्म नेमका त्याच देशात झाला होता. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे हे माझे स्नेही मुंबईतील एका जहाज कंपनीच्या कचेरीत तीस-बत्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले होते. तेवढ्या काळात त्यांच्या हातून जगातील सर्व बंदरांची कागदपत्रे गेली. ते स्वतः मात्र कुठेच गेले नाहीत. त्यांनी केलेला सर्वांत लांबचा समुद्रप्रवास म्हणजे अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या किल्ल्यापर्यंतचा, आणि त्यातही त्यांना मळमळले होते. पण रद्दीच्या दुकानातून आणलेल्या जुन्या परदेशी मासिकांच्या आधारे त्यांनी विरारजवळच्या आमच्या आगाशी गावात बसून जी भूप्रदक्षिणा केली, ती एखाद्या खलाशालाही साधली नसती. मी तळमजल्यावर राहत असे. संस्कृत शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे ते मला शास्त्रीबोवा म्हणत आणि स्वदेशातील सर्व दोषांबद्दल मला व्यक्तिशः जबाबदार धरीत.

एकदा ते सकाळीच खाली आले आणि जपानी लोकांची स्वच्छता वर्णू लागले. "शास्त्रीबोवा, जपानी माणूस घरात पादत्राणं नेत नाही. मरेल, पण नेणार नाही! घर म्हणजे त्याला देऊळ! हे आपल्या लोकांना कधी कळायचं?" हे सर्व ते आमच्या बाहेरच्या खोलीच्या मधोमध, पायांत बूट घालून, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर उभे राहून सांगत होते. माझी पत्नी आतून ओले फडके घेऊन आली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, "भावजी, दोन मिनिटं तुम्हीही जपानी व्हा ना." त्यांनी बूट काढले, परंतु ते जपानच्या सन्मानार्थ काढले, आमच्या फरशीसाठी नव्हे, हे त्यांच्या मुद्रेवरून स्पष्ट दिसत होते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला ते 'चिखल फासण्याचा कार्यक्रम' म्हणत. पण फिनलंड देशातील लोक कोंडलेल्या वाफेत बसतात आणि अंगावर झाडाची डहाळी मारून घेतात, असे वाचल्यावर त्यांनी ऐन वैशाखात न्हाणीघरात स्टोव्ह पेटवून त्यावर तांब्याभर पाण्याची बादली चढवली, दार-खिडकी लावून घेतली आणि आंब्याची डहाळी हाती घेऊन आत बसले. अर्ध्या तासाने पाणी आटून बादलीचे बूड जळाल्याचा वास तीनही मजल्यांवर पसरला, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांचा वर्ण त्या वेळी पिकलेल्या लाल जांबासारखा झाला होता. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, त्यांना ताक दिले आणि एवढेच म्हटले, "आधी उटणं लावू दिलं असतंत तर इतकं भाजलं नसतं."

अरब लोक अनोळखी पाहुण्याला तीन दिवस ठेवून घेतात आणि तोपर्यंत त्याला नावही विचारीत नाहीत, हे ते येईल त्याला दोनदा सांगत. वहिनींचे भाऊ कोकणातून आले, की मात्र दुसऱ्याच दिवशी चहाबरोबर स्नेह्यांचा प्रश्न येई, "परतीची गाडी कितीची?" जवळच्या गास गावाहून एक ख्रिस्ती फुलवाली मावशी रोज आमच्या बाजारात फुले घेऊन येत असे आणि चोळ्या शिवायला टाकण्यासाठी वहिनींकडे वर चढत असे. संध्याकाळी चर्चची घंटा झाली, की ती हातातील काम थांबवून प्रार्थना म्हणते, हे कळल्यावर आमच्या स्नेह्यांनी तिला जिन्यातच हात जोडले. "काय ही शिस्त! जगाचा व्यवहार क्षणभर थांबवायचा!" त्याच संध्याकाळी वहिनी देवापुढे निरांजन लावू लागल्या तेव्हा ते म्हणाले, "घरात विजेचे दिवे असताना हा धूर कशाला?" मावशी जाता जाता थबकली आणि वहिनींना म्हणाली, "बाई, तू माज्या घरी येऊन दिवा लाव. तिकडे भाऊ हात जोडतील." वहिनी हसल्या. त्या फार हसत असत. मला वाटते, त्यांचा संसार त्यावरच चालला होता.

आणि त्यांच्या शिलाई मशीनवर. पायाने चालवायचे ते काळे मशीन त्यांच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी होते. त्यावर वहिनींनी आगाशीतील निम्म्या स्त्रियांच्या चोळ्या, पोलकी आणि परकर शिवले, दोन मुलींचे फ्रॉक शिवले आणि त्या मुलींना शिकवून परगावी धाडले. दुपारी माझे पठण चाले तेव्हा वरून मशीनच्या पायपट्टीचा आवाज येत असे. प्रारंभी तो मला व्यत्यय वाटे. पुढे त्याच्याच लयीत पाठ होऊ लागला आणि तो थांबला की मी अडखळू लागलो.

नव्वदचे दशक सरत आले होते. त्या वर्षी पावसाळ्यानंतर आमच्या स्नेह्यांच्या हाती जपानी घरांविषयीचा एक अंक लागला. जपानी मनुष्य घरातला एक कोपरा रिकामा ठेवतो. तेथे एक चटई, एक बुटके मेज आणि एकच फूल. "रिकामेपण हीच शोभा, शास्त्रीबोवा!" असा कोपरा वरच्या घरात एकच होऊ शकत होता, आणि त्यात मशीन होते. मुली मार्गी लागल्या, वहिनींची दृष्टी मंदावली, तेव्हा त्या लोखंडाचे आता काय काम, असा स्नेह्यांचा बिनतोड युक्तिवाद होता. त्यांनी सुताराकडून बुटके मेज करून घेतले आणि भंगारवाल्याला रविवारी सकाळी यायला सांगितले. तो रविवार खंडेनवमीचा होता.

वहिनी माझ्याकडे आल्या. त्या दिवशी त्या हसत नव्हत्या. "गुरुजी, मशीन जायचं तर जाऊ दे. मी अडवत नाही. पण खंडेनवमीच्या दिवशी, पूजा न करता, भंगारात? त्याच्यावर मी संसार केला. तुम्ही एकदा सांगून बघा ना त्यांना."

मी सांगून पाहिले. ज्या साधनांवर आपले पोट चालते, त्यांना वर्षातून एक दिवस हात जोडावेत, यात केवढी कृतज्ञता आहे, हे मी त्यांना माझ्या परीने समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "शास्त्रीबोवा, लोखंडाला हळदकुंकू लावून लोखंडाला काय कळतं? आणि ईश्वर चराचरात आहे म्हणता, तर भंगारवाल्याच्या हातगाडीत का नाही?" साठ वर्षांचे पोथीज्ञान गुंडाळून मी उठलो. मी खाली आलो. वहिनींना तोंड कसे दाखवावे, या विचाराने त्या रात्री जेवण गेले नाही.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी, अष्टमीला सायंकाळी, आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात स्नेह्यांचे व्याख्यान होते. विषय अर्थातच जपान. मंडळाची जागा बाजारालगत असल्याने फुलवाली मावशीही टोपली मांडीशी घेऊन स्त्रियांच्या बाजूला बसली होती. वहिनी घरीच होत्या. मशीनचे कप्पे रिकामे करायचे होते. स्नेही त्या दिवशी फार सुरेख बोलले. जपानात सुयांचा एक दिवस असतो, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी शिवणकाम बंद. वर्षभरात तुटलेल्या, वाकलेल्या सुया बायका देवळात नेतात आणि सोयाबीनच्या दुधाच्या मऊ वडीत एकेक करून टोचतात. "जन्मभर बिचाऱ्या जाड कापडातून गेल्या, म्हणून शेवटी मऊ बिछाना! एका क्षुद्र सुईबद्दल केवढी ही कृतज्ञता!" स्त्रियांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. माझ्याही डोळ्यांत पाणी आले, ते मी नाकारीत नाही. आणि मग त्यांनी नेहमीच्या सवयीने हात झटकला. "नाहीतर आपल्याकडे पाहा! सुई तुटली की बाई ती खिडकीतून भिरकावते! आहे का आपल्या देशात एक तरी घर, जिथे तुटक्या सुईची कुणाला आठवण आहे?"

"हाय की!" मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमच्याच घरात हाय, भाऊ."

हशा पिकला. त्यांनी चष्मा सावरला. "म्हणजे?"

"म्हंजे काय? बाईच्या मशीनच्या कप्प्यात डबा हाय सुयांचा. एकपन फेकली नाय तिनं आजवर. दर वरसाला खंडेनवमीला हळद लावते, तुमी बाजारात गेलाव की. मी इचारलं, हे काय गो? तर म्हनते, शिवून शिवून मेल्या बिचाऱ्या, त्यांना उकिरड्यावर कशी टाकू? तुमाला ठावं नाय?"

पुन्हा हसू उसळले. पण ते लवकर विरले, कारण व्याख्याते हसत नव्हते. त्यांनी पेल्यातले पाणी प्यायले, कागद गोळा केले आणि आयुष्यात प्रथमच व्याख्यान वेळेआधी संपवले. घरी येताना ते माझ्याबरोबर होते. जिन्यापाशी त्यांनी माझा दंड धरला, म्हणून मीही वर गेलो.

वहिनी मशीनपुढे बसल्या होत्या. कप्पे रिकामे झाले होते आणि त्यांच्या मांडीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. स्नेह्यांनी तो घेऊन उघडला. आत सुया होत्या. काही टोकाशी मोडलेल्या, काही वाकलेल्या, काही गंजलेल्या, आणि सर्वांवर वाळलेल्या हळदीचा पिवळा थर.

"कधीपासूनच्या?" त्यांनी विचारले.

"लग्नानंतरच्या सगळ्या."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि मला वाटते, म्हणूनच पुढचे वाक्य इतके लागले. "मी जपानात असते, तर विचारलं असतंत."

मी खाली निघून आलो. काही प्रसंगी साक्षीदार नसावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नान करून बसलो असता ते दारात उभे. बूट बाहेर काढलेले. "शास्त्रीबोवा, जरा वर या. तुमचं ते... काय असेल ते म्हणायला." वर गेलो तो मशीन पुसून लख्ख केलेले आणि स्नेही बुटक्या मेजावर पनीरचा एक मोठा तुकडा घेऊन बसलेले. सोयाबीनची वडी न मिळाल्याने त्यांनी सकाळी सहालाच विरारला जाऊन तो आणला होता. वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, अन्नात सुया टोचायच्या? आणि तेही सणाच्या दिवशी?" दोन संस्कृतींचा तो पेच चांगलाच बिकट होता. माझ्या शास्त्रात त्यावर तोड नव्हती. तेवढ्यात झेंडूची फुले घेऊन मावशी आली, तिने दोन्ही पक्ष ऐकले, मागच्या वाडीत उतरली आणि केळीच्या खोडाचा पांढरा, थंडगार गाभा घेऊन आली. "घ्या. याच्यापरास मऊ काय असतंय?"

ते एकेक सुई गाभ्यात टोचत होते आणि वहिनी बोटांनी चाचपून, ओळखून सांगत होत्या. ही थोरलीच्या पहिल्या फ्रॉकची. ही सासूबाईंच्या गोधडीची. ही तुमच्या कचेरीच्या पँटची, कापड फार जाड आणलं होतंत. सुईसाठी म्हणायचा मंत्र मला ठाऊक नव्हता. मी जे येत होते ते म्हटले. पण खरा पाठ वहिनींचाच चालला होता, हे मला कळत होते. भंगारवाला आला तेव्हा त्याला रिकाम्या हाती कसे परत धाडायचे, म्हणून फिनलंडची जळकी बादली देण्यात आली.

इतके होऊनही स्नेह्यांनी हार पत्करली नाही. "हा मूळचा जपानी सण बरं का," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आम्ही तो फक्त नवमीला करतो." त्यापुढे दर वर्षी आमच्या इमारतीत हा जपानी सण हळदकुंकू, झेंडू आणि केळीच्या गाभ्यासह यथासांग होऊ लागला, आणि संध्याकाळी सुया पुन्हा डब्यात जाऊ लागल्या. जपानी कोपराही झाला. मशीनच्या शेजारी चटई घालून ते बसत आणि वहिनींना नेढे दिसेनासे झाल्यापासून सुईत दोरा ओवून देत.

काही वर्षांनी थोरल्या मुलीने दोघांना कायमचे ऑस्ट्रेलियाला नेले. मशीन विमानातून जाणारे नव्हते, सुयांचा डबा विमानवाले जवळ नेऊ देईनात. दोन्ही माझ्याकडे आले. मशीन आता आमच्या खिडकीशी आहे. मी त्याला तेल घालतो, नवमीला मावशी फुले देते. दुपारचा माझा पाठ मात्र हल्ली अडखळतो. त्यांचा फोन येतो, तो नेहमी तक्रारीचा. "शास्त्रीबोवा, या देशात काही परंपराच नाही हो! मी परवा इथल्या लोकांना आपली खंडेनवमी समजावून सांगितली. रडले, शास्त्रीबोवा, रडले!" मागून वहिनींचे हसू ऐकू येते.

गेल्या नवमीच्या चार दिवस आधी त्यांचे एक पाकीट आले. आत घडी केलेला कागद, आणि कागदात हळद लावलेली, मधोमध मोडलेली एक सुई. कागदावर त्यांच्या वळणदार कचेरी अक्षरात लिहिले होते: "इकडे हिने हातशिलाई सुरू केली आहे. ही इथली पहिली. इथली हळद फिकी आहे, तरी मी दोनदा लावली आहे. डब्यात ठेवावी."

मी डबा उघडला आणि ती इतरांच्या शेजारी ठेवली.