परत येणाऱ्या दाढा

ताईचा धंदा एक आणि धाकट्याचे नऊ, असं त्यांची आई हसत सांगायची. ताईने सोळाव्या वर्षी मेणाचे दात कोरायला घेतले, ते साठी जवळ आली तरी तेच. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचा साचा पाठवायचे, ही त्यावर मेणाची दाढ घडवायची, तिच्यावरून दातावर बसवायची कॅप ओतायची, घासूनपुसून डबीत घालून द्यायची. धाकटा मात्र टायपिंग शिकला, फ्रिज दुरुस्त करू लागला, विमा विकला, समारंभांचे व्हिडिओ काढले. मधे दोन वर्षं ताईजवळही बसला. खालच्या दाढेचे उंचवटे पाच. दोन जमल्यावर स्वारी उठली. एक ना धड, भाराभर चिंध्या! आईने त्याचं नावच 'भाराभर' ठेवलं. त्याला राग येत नसे. दुनिया बदलते तसं माणसानेही बदलावं, असं तो म्हणे, आणि पोट त्याचंही भरतच होतं.

दहावा धंदा मात्र त्याला बाधला. गावात दात बनवणाऱ्या एका लॅबने नवीन मशीन आणलं. स्क्रीनवर दाढेचा आकार निवडायचा, की मशीन पंधरा मिनिटांत कॅप कापून देतं. तीन आठवड्यांचं शिक्षण घेऊन भाराभर त्यावर बसला. मशीनमधले आकार मालकाला पसंत पडेनात. म्हणे, हाताने केल्यासारखे दिसत नाहीत. "तसे आणून देतो की," हा बोलून गेला. पुढच्या रविवारी ताईकडे जेवायला गेला, ती भांडी आवरत असताना कपाटातला मेणाच्या दातांचा डबा त्याने पिशवीत टाकला, लॅबमध्ये प्रत्येक जागेचा एकेक असे बत्तीस दात स्कॅन केले आणि आठवड्याने डबा गुपचूप जागेवर ठेवला. ताईला ठाऊक एवढंच, की भाऊ कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर बघतो.

वर्षभरात ताईच्या सहा डॉक्टरांपैकी पाच जण त्या लॅबकडे वळले. तिच्या टेबलावरचे साचे कमी झालेले त्याला दर रविवारी दिसायचे आणि घास तोंडात फिरायचा. ती मात्र दुसऱ्यांदा वाढताना म्हणायची, "तू बरा रे. आज हे, उद्या ते. मला दुसरं काहीच येत नाही." खाई त्याला खवखवे. त्याला ताटावरून उठून जावंसं वाटे, पण तो जेवत राही.

मग दाढा परत येऊ लागल्या. खालची पहिली दाढ, दर वेळी तीच. चावताना उंच लागते, जबडा दुखतो, अशी तक्रार. हा घासून द्यायचा, तरी पुन्हा यायची. शेवटी मालकाने बजावलं, "शनिवारपर्यंत निस्तर, नाहीतर दुसरं काम बघ." दुसरं काम बघणं त्याला नवीन नव्हतं. पण या वेळी माणसं दुखऱ्या तोंडाने घास गिळत होती, आणि सोडून पळणं त्याला जमेना.

दुपारी तो कॅप कागदात गुंडाळून ताईकडे गेला. "एका मित्राची आहे. उंच लागते म्हणतो."

ताईने चष्मा शोधलाही नाही. कॅपवरून अंगठा फिरवला आणि हात थांबवला.

"ताकाला येऊन भांडं लपवू नकोस," ती म्हणाली. "ही माझी दाढ आहे. चष्मा लागायच्या आधीची. आतला उंचवटा चढा राहिला म्हणून टाकून दिली होती."

"टाकलेली? पण डब्यात तर..."

"डब्यात सगळं टाकाऊच आहे. चांगलं काम घरात राहतं का कधी? ते लोकांच्या तोंडात जातं. दोन वर्षं शेजारी बसलास, एवढंही कळलं नाही?"

त्याने मान खाली घातली. "मशीन मीच चालवतो, ताई. डबाही मीच नेला. तुझे डॉक्टर माझ्यामुळे गेले."

तिने चार शिव्या द्याव्यात असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने कॅप कागदावर परत ठेवली. मग विचारलं, "किती जणांना बसवलीस ही?"

"दोनशेच्या वर."

"देवा." ती उठली, टेबल पुसलं, मेण काढलं, स्पिरिटचा दिवा पेटवला.

"मी काय करू?"

"दिवा जवळ धर. आणि आता मधेच उठू नकोस."

ती कोरणीचं पातं तापवायची, मेणाचा थेंब ठेवायची, कोरायची. पाचव्या उंचवट्याला सगळ्यांत जास्त वेळ लागला. बोट फिरवून तिने खात्री केली आणि दाढ त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही घाल मशीनमध्ये. ज्यांना बसवल्यास त्या सगळ्यांना परत बोलाव."

"आणि डब्यातले बाकीचे?"

"त्यांतही चुका आहेत, हळूहळू दिसतील. उरलेले एकतीस आजपासूनच करू. रोज येऊन बस."

एकतीस झाले की मशीनला ताई लागणार नव्हती, आणि शेवटचा डॉक्टरही जाणार होता. हे तिला त्याच्याआधी कळलं होतं. तिने दिवा विझवला नाही, दुसरा मेणाचा तुकडा घेतला. त्याचा हात भरून आला होता, तरी तो बसून राहिला.