भोपळा देणारे मास्तर आणि ताहेरा आपा

नळदुर्गात ताहेराबीला सगळे शिलाईवाली म्हणून ओळखत. आम्ही नापास पोरं तिला आपा म्हणायचो. लोक आजही सांगतात, बाई मोठी दयाळू, गरिबाच्या लेकरांना फुकट शिकवायची. साफ खोटं. आपाला दया-बिया काही नव्हती. ती सूड घेत होती आणि आम्ही तिच्या हातातली काठी होतो. मला त्याचा आनंदच होता, कारण ज्याच्या पाठीत ती काठी बसत होती तो माणूस मलाही नको होता.

तो माणूस म्हणजे हिंमतराव मास्तर. हायस्कुलात गणित शिकवायचे. शुभ्र धोतर, काळा कोट आणि जीभ अशी की वर्गात बसलेल्या पोराची लाज चव्हाट्यावर मांडावी. पोराला शून्य मिळालं की ते नुसतं लिहून थांबत नसत. त्याला उभं करून म्हणत, "घ्या, भोपळा! घरी नेऊन भाजी करा."

आपाचा धाकटा भाऊ आयुब सातवीपर्यंत उर्दूतून शिकला होता. नेहमी पहिला नंबर. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि एक्कावन्न साली आयुब आठवीत मराठी वर्गात येऊन बसला. अक्षरं त्यानं दोन महिन्यांत उचलली. पण सहामाहीच्या गणिताला घाई झाली आणि सवयीनं सगळे आकडे उर्दूत पडले. हिंमतराव मास्तर सोलापूरकडचे, म्हणजे इंग्रजी मुलखात शिकलेले, उर्दू न येणारे, असं ते स्वतःच सांगत. त्यांनी पेपरावर तांबड्या शाईनं मोठं शून्य काढलं.

आता उर्दूतला पाच घाईनं लिहिला की गोलच दिसतो आणि उर्दूतलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. आयुबला वाटलं, दहापैकी पाच मिळाले. तो पळत घरी गेला. आई बिस्मिल्लाबीनं गल्लीत साखर वाटली. दुसऱ्या दिवशी त्यानं भाबडेपणानं मास्तरांना विचारलं, "गुरुजी, बाकीचे पाच कुठं गेले?"

मास्तर पोट धरून हसले. पेपर वर धरून म्हणाले, "हे किडे-मुंग्या मला वाचता येत नाहीत. आणि बघा रे, यांच्या गल्लीत भोपळ्यावर साखर वाटतात!" त्या दिवसापासून आयुबचं नाव भोपळ्या पडलं. तो महिनाभर शाळेत गेला आणि मग ट्रकवर क्लीनर म्हणून निघून गेला.

आपा तेव्हा वीस वर्षांची होती. तिनंही आधी भावालाच बोल लावला. मराठी शाळेत उर्दू आकडे लिहितोस, अक्कल कुठं ठेवली होतीस म्हणून त्याला थोबाडीत मारली. वर्षभर ती असंच म्हणत राहिली. आयुब आधी क्लीनर, पुढं ड्रायव्हर म्हणून सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आठवड्याला दोन फेऱ्या मारू लागला, पण नळदुर्गात कधी उतरेना. आई दारात बसून ट्रकचा भोंगा ओळखायची. पुढं आई गेली, तेव्हाही तो परस्पर कब्रस्तानात येऊन परत फिरला. दारातल्या आईकडे बघून तिनं तो वर्षभराचा राग भावावरून काढून मास्तरांवर ठेवला. मराठीचं पहिलं पुस्तक आणलं, मशीन चालवता चालवता अक्षरं लावली. दोन वर्षांत आठवीचं गणित तिला येऊ लागलं. मग तिनं गल्लीत सांगून टाकलं, "हिंमतराव मास्तर ज्याला भोपळा देतील, त्याला माज्याकडं धाडा. म्या पास करते."

मी तिच्याकडे छप्पन साली गेलो. आमचं तेलाचं दुकान, घरी बोली कानडी. मास्तर तोंडी गणित घालत: "सदतीस लिहा." मी त्र्याहत्तर लिहायचो. "अठ्ठेचाळीस" म्हटलं की चौऱ्याऐंशी. दोन वर्षं आठवीतच बसलो होतो. मास्तर म्हणायचे, "भीमाशंकर, तुझी कवटी उलटी बसवलीय." वडलांनाही ते पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आपानं माझं एकही गणित तपासलं नाही. तिनं विचारलं, "घरात सदतीसला काय म्हणता रे?"

"मूवत्तेळु."

"म्हंजे तीस आधी का सात आधी?"

"तीस."

ती मशीन थांबवून हसली. "मग तुजं डोकं कुठं उलटं हाय? तुज्या घरात तीस आधी येतात, शाळंत सात आधी येतात. तू जे आधी ऐकतो ते आधी लिहितो. आता असं कर, उर्दूवानी उजवीकडनं लिही. पहिला ऐकला तो उजवीकडं, दुसरा त्याच्या डावीकडं."

एवढंच होतं. दोन वर्षांचा मार आणि इलाज एवढाच. मी त्या दिवशी रडलो, ते आनंदानं नाही. मला मास्तरांच्या डोक्यात दगड घालावासा वाटला. आपा म्हणाली, "दगड कशाला? मॅट्रिक हो. ते जादा लागतं."

ती प्रत्येकाची चूक अशीच घरापर्यंत माग काढत न्यायची. एका पोरीला अपूर्णांक टेपनं शिकवले, कापड कापायला लावून. मास्तरांनी ज्यांचे मॅट्रिकचे फॉर्म अडवले त्यांना तिनं बाहेरून बसवलं. निकाल लागला की दरवर्षी ती पास झालेल्या पोरांना घेऊन मास्तरांच्या दारात जायची, आणि बशीत साखर. "मास्तर, तुमचे भोपळे पास झाले. तोंड गोड करा." साठ साली त्या रांगेत मी होतो. मास्तरांनी आतून दार लावून घेतलं, तेव्हा मला मॅट्रिकपेक्षा ते जास्त गोड लागलं.

बासष्ट साली गंमत झाली. मास्तरांचा मुलगा बलभीम आठवीत नापास झाला, आणि भर वर्गात बापानंच त्याला भोपळा दिला. दुसऱ्या दिवशी पोरगं आपाच्या ओट्यावर हजर. मॅट्रिक होऊनही मी आपाच्या हाताखाली असायचो. मी म्हणालो, "हाकला ह्याला." आपा माझ्यावर डाफरली, "भोपळा कुणी दिला? हिंमतराव मास्तरांनीच ना? मग हा माजा."

बलभीम भित्रा होता, पण बोलका होता. बोलता बोलता म्हणाला, "बाबा पेपर तपासताना पुटपुटतात ना, मला काहीच कळत नाही. पचपन, छप्पन, सत्तावन."

आपाच्या हातातली कात्री थांबली. पचपन, सत्तावन ही उर्दूतली मोजणी. संध्याकाळी तिनं मशीनजवळच्या पाटीवर गिऱ्हाइकाची मापं लिहिली, नेहमीसारखी उर्दूत, आणि खाली बेरीज मांडली. मी तिथंच मापं सांगत होतो. मला तिचे आकडे इतक्या वर्षांत येऊ लागले होते. म्हणालो, "आपा, चुकलं." ती म्हणाली, "गप बस."

दिवेलागणीच्या आधी मास्तर मुलाला न्यायला आले. रागातच होते. ओट्यावर उभं राहून त्यांनी बलभीमला हाक मारली आणि त्यांची नजर पाटीवर गेली. गणिताच्या मास्तराला चुकलेली बेरीज दिसली की गप्प बसवत नाही.

"बाई, पंचवीस आणि छत्तीस एकसष्ट. तुम्ही एक्कावन्न लिहिलंय. हातचा राहिला."

गल्लीतल्या चार बायका पाण्याला निघाल्या होत्या, त्याही थबकल्या. आपा उठली. तिचा आवाज चढला नाही. "मास्तर, हे किडे-मुंग्या तुमाला वाचता येतात व्हय?"

मास्तरांचा चेहरा उतरला. मग ते ओट्यावरच बसले. म्हणाले, "मी सोलापूरला नाही शिकलो. इथंच, उर्दूतच शिकलो. क़ाफ हे अक्षर नीट म्हणता यायचं नाही म्हणून मौलवीसाहेब मला रोज कोंबडा करायचे. पोरं हसायची. राज्य गेलं तेव्हा मला वाटलं, आता आपली पाळी."

"मग कसर त्यांच्यावर काढायची. माज्या आयुबवर का?"

आपानं कागद आणि टाक त्यांच्यापुढं ठेवला. "पोराला म्या शिकवते, त्याचं भ्या नगं. पण लिहून दिल्याबिगर ही पायरी उतरायची न्हाय." बायका हलल्या नाहीत. बलभीम खाली मान घालून उभा होता. त्याच्याकडे बघून मला क्षणभर वाईट वाटलं, पण मास्तरांबद्दल तसूभरही नाही. मास्तरांनी लिहिलं, सुरेख वळणदार उर्दूत: आयुबचा पेपर मला वाचता येत होता. उत्तरं बरोबर होती. खाली सही केली.

गुरुवारी आयुबची गाडी जायची. गावाबाहेरच्या ढाब्यावर तो जेवायला थांबतो हे आपाला कधीपासून ठाऊक होतं, पण ती कधी गेली नव्हती. रिकाम्या हातानं जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. त्या गुरुवारी भर दुपारी आम्ही दोघं चालत गेलो. आयुब बाजेवर बसून भाकरी मोडत होता. छातीनं रुंद झालेला, पंचविशीतच कानशिलांवर केस पिकू लागलेले. बहिणीला बघून उठला. आपानं चिठ्ठी पुढं केली. त्यानं हात लावला नाही.

"तूच वाच."

आपानं वाचली. वाचताना तिचा आवाज फाटला. सहा वर्षांत मी तो पहिल्यांदाच फाटलेला ऐकला. आयुब ऐकून घेऊन खाली बसला.

"मला ठावं होतं, आपा. पेपर हातात धरून हसायच्या आधी त्याची नजर एकेका उत्तरावर थांबत होती. ओठ हालत होते. तो वाचत होता. म्हणून तर शाळा सोडली. ज्याला समजतंच न्हाय त्याला समजून सांगता येतं. ह्याला काय सांगायचं?"

आपाचा असा संताप झाला की ढाब्यावरचे ड्रायव्हर माना वळवून बघू लागले.

"मग मला का न्हाय सांगितलंस? म्या तुला मारलं, तवा तरी सांगायचं!"

"सांगून तू काय करणार होतीस?"

"हेच!" आपा ओरडली. "हेच केलं असतं! पन एक वरीस आधी कामाला लागले असते!"

आयुबनं भाकरी तशीच ठेवली. ट्रकची किल्ली उचलली आणि म्हणाला, "चला, बसा दोघं. घरी जाऊ."