शेवटचा हात कुणाचा?

कुठलीही वस्तू बिघडली की द्वारकाताई त्या वस्तूकडे बघतच नसत, आमच्याकडे बघत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून एकेकाच्या तोंडावरून नजर फिरवत आणि विचारत, "शेवटचा हात कुणाचा?" आमटी खारट होवो, पंखा कुरकुरो की प्रिंटर रुसो, प्रश्न तोच. ज्याचा हात लागला असेल त्याने तो वर करायचा, हा आमच्या ऑफिसचा नियम होता. माझा उजवा हात त्या काळात बहुधा वरच असे.

ताई पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाडीत वाढलेल्या. म्हशी राखता राखता बारावी झाल्या, कॉम्प्युटर शिकल्या आणि महाडला आमच्या दोन खोल्यांच्या संस्थेत आल्या. नदीवर आम्ही यंत्रं बसवली होती. पाणी खुणेवर चढलं की ती आमच्या संगणकाला कळवत आणि संगणक बाजारपेठेला मेसेज धाडी. वाटेत कुणी खोडी काढू नये म्हणून हे सगळं बोलणं कुलूपबंद असे. संगणकाचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, तपासल्याशिवाय यंत्रं तोंड उघडत नसत. ते ओळखपत्र रोज सकाळी सहाला नवीन निघे. हे काम करणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. त्यात बग सापडला तर त्यांच्या पानावर सगळ्यांदेखत लिहायचा. ताईंना ही सोय भारी आवडे. "घरबसल्या परदेशाशी भांडायला मिळतंय रे, अजून काय पायजे?" असं त्या म्हणत.

एका पावसाळ्यात यंत्रं रोज सकाळी सहा ते सहा-दहा मुकी होऊ लागली. आपोआप गप्प, आपोआप सुरू. एके दिवशी नेमकं त्याच दहा मिनिटांत पाणी चढलं आणि नदीकाठच्या भिकूभाऊंच्या पिठाच्या गिरणीची मोटर भिजली. ती खोलून माळ्यावर चढवायला त्यांना दहाच मिनिटं लागत. भिकूभाऊ तडक ऑफिसात आले. "परत असं झालं तर तुमचा मेसेज बघणार नाय. आख्ख्या पेठेला सांगन, नदीच बघा," म्हणाले. ताईंचा चेहरा उतरला. पेठेने मेसेज बघणं सोडलं असतं, तर आमच्या यंत्रांचा उपयोग बगळ्यांना बसण्यापुरता उरला असता.

ताईंनी बग लिहिला. पलीकडून एका सभ्य माणसाचं उत्तर आलं, कृपया आपलं घड्याळ तपासा.

"माझ्या घड्याळाला नावं ठेवतो मेला!" ताई कडाडल्या. त्यांनी संगणकाचं घड्याळ भिंतीवरच्याशी ताडून पाहिलं, भिंतीवरचं मनगटावरच्याशी. मिनिटाचाही फरक नव्हता. "तीन साक्षीदार हायेत माझ्याकडं," असं त्यांनी इंग्रजीत ठणकावलं. त्यात तिखट घालायचं काम माझं. दोन आठवडे आम्ही त्या बिचाऱ्याला यथेच्छ पिडलं.

मग भिकूभाऊ पुन्हा आले, या खेपेला मोबाइलमध्ये पुरावा घेऊन. "हा बघा त्या दिवशीचा तुमचा मेसेज. बरोबर सहाला आला. तवा पाणी मोटरीला लागलं होतं."

ताईंनी संगणकातली नोंद काढली. "भाऊ, मेसेज गेलाच सहा-दहाला."

"म्हंजे जायच्या आधी पोचला?" भिकूभाऊंनी विचारलं.

ताईंनी भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे. आमच्याकडे एसटी चुकू नये म्हणून घरोघर घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं. ताईंच्या मनगटावरचं आणि ऑफिसच्या भिंतीवरचंही तसंच होतं. आम्ही मनातल्या मनात दहा वजा करत असू, आणि ते इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर पोलादपूरची गाडी दोनदा चुकली, तेव्हा ताईंनी संगणकही दहा मिनिटं पुढे नेला होता. त्याच्या ओळखपत्रावर सहाची वेळ पडे, तेव्हा नदीवर सहाला दहा कमी असत. पुढच्या वेळेचं ओळखपत्र यंत्रं कशी मानतील?

मी हळूच सुचवलं, "ताई, परदेशातल्यांना आपोआप सुटलं म्हणून कळवू या का?"

"गप रे!" म्हणत त्यांनी स्वतःचा हात वर केला. "शेवटचा हात माझा. भिकूभाऊ, तुमची मोटर माझ्यामुळं भिजली."

भिकूभाऊंनी त्या हाताकडे बघत मोबाइल खिशात ठेवला. "चूक कबूल करणारं हापिस पयल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "बघन मेसेज."

ताईंनी परदेशातल्या पानावरही एसटीसकट सगळं लिहिलं आणि माफी मागितली. तिकडचे लोक पोट धरून हसले असावेत, पण त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ घातली. ओळखपत्र पुढच्या वेळेचं निघालं की पडद्यावर येतं, आधी घड्याळ तपासा. ताईंनी संगणकाची वेळ लावली, भिंतीवरचं मात्र तसंच ठेवलं. "एसटी काय सुधारली नाय," म्हणाल्या. श्रावणात पाणी पुन्हा चढलं, तेव्हा भिकूभाऊंची मोटर वेळेत माळ्यावर होती.

गेल्या वर्षी ताई गेल्या. चार दिवसांचं आजारपण. ऑफिसात आता बिघाड झाला की आम्ही मुकाट्याने वस्तूकडे बघतो, आणि फार चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या महिन्यात यंत्रं पुन्हा मुकी झाली. परदेशातल्यांना चांगलं झोंबणारं पत्र मी अर्धं लिहीत आणलं होतं, तेवढ्यात पडद्यावर ती ओळ आली. आदल्या दिवशी संगणकाची बॅटरी मीच बदलली होती, आणि वेळ लावली होती भिंतीवर बघून.

ऑफिसात मी एकटाच होतो. तरी हात वर केला. खूप वेळ तो खाली घ्यावासा वाटेना.