आक्काची वस्तू

माहेरी, जळोचीला आली की आक्का आधी पाणी प्यायची नाही. चपला काढता काढताच धाकट्या भावाचा सदरा वर करायची, पोटाच्या उजव्या अंगाला असलेल्या व्रणावर तळवा टेकवायची आणि विचारायची, "माझी वस्तू बरी हाय न्हवं?" मग घरात पाहुणे असोत की सोयरे. महादूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि मी शेजारच्या ओट्यावर पोट धरून हसायचो.

वस्तू म्हणजे किडनी. महादूच्या दोन्ही निकामी झाल्या तेव्हा आक्कानं आपली एक दिली. शेळगावला, तिच्या सासरी, त्यावरून मोठं रामायण झालं. "पाठचा भाऊ हाय, वाटंवरचा न्हाय," एवढंच बोलून ती पुण्याच्या गाडीत बसली. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती; असलं काही आमच्याकडे कुणी ऐकलंही नव्हतं.

मी तेव्हा बारामतीत औषधाच्या दुकानात कामाला होतो. महादूच्या गोळ्या मीच आणायचो. अंगानं नवी किडनी परकी समजून नाकारू नये म्हणून त्या रोज घ्यायच्या असत. एकदा गेलो तर मागच्या खेपेच्या शिल्लक दिसल्या. खोदून विचारलं, तेव्हा कळलं की दोन दिवस बंदच आहेत. लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. कुणीतरी कानात भरवलं होतं, गोळ्या उष्ण, बीज जाळतात. "मंगलनं किती दिस वाट बघायची?" बायकोचं नाव घेऊन त्यानं मलाच विचारलं. माझी समजूत त्याला पटेना. घाबरून मी शेळगावला निरोप धाडला.

आक्का सकाळच्या पहिल्या एसटीनं हजर. या खेपेला सदरा वर केला नाही, हात पुढे पसरला.

"गोळ्या खायच्या न्हायत? मग माझी वस्तू माघारी दे."

महादूनं सदरा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आरं, मेंढरं राखली न्हवं आपण? परकं कोकरू मेंढी लाथाडती. तिला धरून उभं ऱ्हावं लागतं, तवा कुठं पाजती. ह्या गोळ्यांनी मेंढी धरल्याली हाय. सोडली की संपलं!"

महादूनं तिच्यासमोरच गोळ्या गिळल्या. त्याच दिवशी तिनं मंगलसकट आम्हा सगळ्यांना पुण्याला नेलं.

डॉक्टरांपुढे महादू फरशी न्याहाळत बसला. आक्कानंच विचारलं, "ह्येला लेकरू व्हईल का? गोळ्या आड येत्यात का?"

डॉक्टर म्हणाले, काहींच्या बीजावर या औषधांचा परिणाम होतो, पण किडनीच्या आजारानं ते आधीच खालावलेलं असतं. नवी बसल्यावर बऱ्याच जणांचं सुधारतं. तपासू, मनानं गोळी मात्र बंद करायची नाही.

तपासणीत बीज कमी निघालं, पण होतं.

"एकच तर लागतं," आक्का म्हणाली, "रान थोडंच पेरायचंय!" डॉक्टरही हसले.

दीडेक वर्षानं मुलगी झाली. आक्का आता नाही. तिची आठवण आली की मला अजून बरं वाटतं, आणि आठवते ती त्या बारशातलीच. आत्या आली म्हणून बायकांनी पाळण्यापर्यंत वाट करून दिली. आक्का पाळण्याला वळसा घालून थेट महादूकडे गेली आणि भरल्या घरात तिनं त्याचा सदरा वर केला.

"आवं आक्का, लेकरू हिकडं हाय!" कुणीतरी ओरडलं.

आक्कानं व्रणावरचा हात काढला नाही. "दिसतंय की. आदी थोरलं बघती, मग धाकलं."