भय्यासाहेबांनी घातलेलं इटलीचं मावंदं

काशीहून परतल्यावर मावंदं घालतात. गंगेच्या गडूची पूजा होते, चार माणसं जेवून जातात. आमच्या जबलपुरच्या विजय नगरातल्या भय्यासाहेबांनी मात्र इटलीचं मावंदं घातलं. चौरंगावर गडूच्या जागी तिकडच्या समुद्राच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली, वर हळदकुंकू. मला तर बघूनच चीड आली.

हा माणूस फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झाला. ग्वारीघाटावर नर्मदेच्या पायऱ्या उतरायला कायम कुरकुर. आता मात्र टीव्हीवर फोटो लावून आम्हाला शिकवत होता.

"डोंगर कापून पायरी-पायरीनं द्राक्षं लावून राहिले ते लोक. अपने यहाँ किसको इतनी अक्कल है, भैया?"

प्रत्येक फोटोत हेच. द्राक्षमळ्यात भय्यासाहेब, रंगीत घरांपुढे भय्यासाहेब, पाण्यात पाय सोडून भय्यासाहेब. विनतावहिनी एकातही नव्हत्या. वहिनींचा जन्म जबलपुरातला, समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. एकदा त्यात पाय बुडवायचे, एवढंच त्यांनी लग्नापासून मागितलं होतं. त्या एका आशेवर त्या परदेशी जायला तयार झाल्या, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"वहिनी कुठे आहेत?" मी मुद्दाम विचारलं.

"अहो, तिचे गुडघे! खाली गावात उतरायला नुसत्या पायऱ्या. ती वर स्टेशनावर बॅगा घेऊन बसायची."

"प्रत्येक गावात?"

"मग काय! खाली बस जाते, पण बसची वाट पाहून राहिलो तर ऊन उतरते न. फोटो काहून खराब करू?"

लाज म्हणून नाही. उलट हसला, आणि श्रीखंडाचा आग्रह करू लागला.

वहिनी वाढता वाढता थांबल्या. आत जाऊन परात घेऊन आल्या. चौरंगावरची बाटली उचलून त्यांनी सगळं पाणी परातीत ओतलं, खुर्चीवर बसल्या आणि साडी घोट्यापर्यंत वर धरून दोन्ही पाय आत ठेवले.

"अगं, पूजेचं आहे ते," भय्यासाहेब पुटपुटले. "लोक काय म्हणतील?"

"तुमचं दर्शन झालं न," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "माझं राहिलं होतं."

टीव्हीवर भय्यासाहेब गुडघाभर समुद्रात उभे होते. परातीतल्या पाण्यात वहिनींची बोटंसुद्धा नीट बुडली नव्हती.